आसरा दिल्यानंतर पुढं काय? खानापूरच्या एका सरांना उत्तर

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात शिकवणाऱ्या सरांनी विचारलं आहे: "माझा धाकटा भाऊ पोलंडमध्ये नोकरीला आहे. त्याच्या इमारतीत युक्रेनहून आलेली तीन कुटुंबं राहतात. पोरं पोलिश शाळेत जातात, आया कामावर जातात. ही माणसं निर्वासित वाटतच नाहीत, असं तो म्हणतो. आणि टीव्हीवर दुसरीकडच्या छावण्या बघितल्या की माणसं दहा-दहा वर्षं तिथंच दिसतात. हा फरक कशानं पडतो? देश पैसेवाला असला की झालं का? बाहेरच्यांना एवढं दिलं तर गावातल्या गरिबावर अन्याय होत नाही का? डिसेंबरात नववीच्या मुलांना मुंडगोडची तिबेटी वसाहत दाखवायला न्यायचा विचार आहे, त्याबद्दलही सांगा."

सर, या कामात माझी ३४ वर्षं गेली. सुरुवात मुंडगोडलाच झाली, आरोग्यसेविका म्हणून. मग जॉर्डनमध्ये सिरियातल्या लोकांबरोबर, त्यानंतर युगांडाच्या उत्तरेला दक्षिण सुदानच्या लोकांबरोबर. आता बेळगावात घरी आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात द्यायचं तर तो शब्द ताटकळणं. आलेल्या माणसाला देश किती दिवस ताटकळत ठेवतो, यावर पुढचं बहुतेक सगळं ठरतं. पैशाचा भाग आहेच, पण लोक समजतात त्यापेक्षा तो लहान आहे.

तुमच्या भावाच्या शेजाऱ्यांचंच बघा. बोस्निया आणि कोसोव्होच्या युद्धांनंतर युरोपीय संघानं २००१ मध्ये एक नियम करून ठेवला होता: एखाद्या युद्धातून एकदम लोंढा आला तर प्रत्येकाची वेगळी सुनावणी करत बसायचं नाही, सगळ्यांना एकत्र तात्पुरतं संरक्षण द्यायचं. तो नियम २० वर्षं फडताळात पडून होता. २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर हल्ला झाला आणि ४ मार्चला तो पहिल्यांदा लागू केला. मधे फक्त आठ दिवस गेले. त्यामुळं आलेल्या बाईला राहायचा परवाना, कामाचा हक्क, मुलांना शाळा आणि आजारपणात डॉक्टर हे सगळं एका अर्जावर मिळालं. पोलंडनं तर आपल्या नागरिकांना असतो तोच ओळख क्रमांक या लोकांना दिला. आपल्याकडं आधार नसेल तर सिमकार्डापासून गॅसपर्यंत कसं अडतं ते तुम्हाला माहीत आहे. तो एक क्रमांक हातात आला की बँक खातं, घरभाडं, नोकरी ही दारं आपोआप किलकिली होतात. ज्यांनी आपल्या घरात माणसं ठेवून घेतली त्या पोलिश कुटुंबांना सरकारनं माणशी दिवसाला ४० झ्लोटी दिले. त्यामुळं प्रचंड छावण्या उभ्याच राहिल्या नाहीत. माणसं वस्तीत मिसळली.

आता त्याच युरोपात २०१५ मध्ये सिरियातून, अफगाणिस्तानातून आलेल्यांचं काय झालं? जर्मनी तेव्हाही श्रीमंतच होता. पण इथं प्रत्येकाचा वेगळा अर्ज, वेगळी मुलाखत. कित्येकांना निकालासाठी महिनोन्महिने व्यायामशाळेत किंवा सामूहिक निवाऱ्यात थांबावं लागलं. म्हणून 'देश पैसेवाला असला की झालं' हे मला पटत नाही. कायद्यानं कुणाला लगेच रस्ता दिला आणि कुणाला रांगेत उभं केलं, फरक तिथं आहे. जर्मनीनं पुढं मेहनत घेतली हेही खरं. तिथल्या समावेशन वर्गात ६०० तास भाषा आणि १०० तास देशाचा कायदा, इतिहास, रीतभात असं शिकवतात. २०१५ ला आलेल्यांपैकी सात वर्षांनी दहातले सहाहून जास्त जण कामाला लागले होते. मात्र बायकांचं प्रमाण पुरुषांच्या निम्म्याहून कमी होतं. त्याबद्दल पुढं बोलते, कारण ती चूक मी स्वतः जॉर्डनमध्ये केली आहे.

युक्रेनच्या बाबतीतही सगळं सुरळीत झालं असं मुलांना सांगू नका. पोलंडमध्ये बरीच युक्रेनी मुलं आपल्या मूळ शाळेचे ऑनलाइन वर्ग करत घरातच बसून होती. पोलिश शाळेत नाव घालणं सक्तीचं झालं ते सप्टेंबर २०२४ मध्ये. अडीच वर्षं म्हणजे नववीचं पोर दहावी ओलांडून पुढं गेलं. पोरांच्या बाबतीत पालकांच्या 'लवकरच परत जाऊ' या आशेवर विसंबून राहायचं नसतं. आशा मोडायचीही नसते. इथल्या शाळेत नाव घालावं आणि तिथली भाषाही चालू ठेवावी.

जॉर्डनमध्ये ताटकळणं म्हणजे काय ते मी रोज बघायची. जुलै २०१२ मध्ये झातरी छावणी उघडली तेव्हा नुसते तंबू होते. नंतर पत्र्याच्या खोल्या आल्या, एक बाजाररस्ता उभा राहिला, जवळजवळ ८० हजार माणसांचं गावच झालं. पण जॉर्डनमधले बहुतेक सिरियन छावणीबाहेर, शहरांत भाड्यानं राहत होते आणि त्यांना कामाचा परवाना नव्हता. सिरियातल्या दराचा एक वायरमन माझ्या ओळखीचा होता. पकड आणि टेस्टर तो लेकराच्या लंगोटांच्या पिशवीत लपवून न्यायचा. पकडला गेला तर छावणीत परत पाठवतील ही धास्ती. हातात कसब, गावात कामाची गरज, आणि मधे कागद नाही. मजुरी बुडवली तर तक्रार कुणाकडं करणार? चार वर्षांत त्या माणसाची मान खाली गेलेली मी बघितली. बाँबनं जे झालं नव्हतं ते या रिकामपणानं केलं.

फेब्रुवारी २०१६ मध्ये लंडनच्या परिषदेत जॉर्डननं सिरियनांसाठी दोन लाखांपर्यंत कामाच्या संधी खुल्या करायचं मान्य केलं. बदल्यात त्या देशाला सवलतीची कर्जं आणि युरोपच्या बाजारात माल पाठवायला ढील मिळाली. विचार चांगलाच होता. अडचण बारकाव्यात निघाली. परवाना एका मालकाशी बांधलेला. गवंडी कधी एका मालकाचा असतो का? आपल्याकडं सकाळी नाक्यावर उभे राहणारे गवंडी आठवड्यात चार ठिकाणी काम करतात, तिथंही तसंच. पुढं सहकारी संस्था आणि कामगार संघटनांमार्फत मोकळे परवाने द्यायला लागले तेव्हा शेतीतली आणि बांधकामातली माणसं न लपता उघडपणे काम करायला लागली. आमच्या वायरमननं त्या वर्षी हत्यारांसाठी पट्टा घेतला, कमरेला बांधायचा.

आता माझी चूक. मी बायकांसाठी शिवणवर्ग काढला. मशिनी आल्या, शिक्षिका आली, २२ जणी शिकल्या, शिवणही उत्तम. कपड्यांचे कारखाने बसनं तासाभराच्या अंतरावर होते. कामाला गेल्या किती? दोघी. का, ते मी आधी विचारायला हवं होतं. सिरियन मुलांसाठी शाळा दुपारच्या पाळीत भरायच्या, कारण सकाळी त्याच वर्गांत जॉर्डनची मुलं बसायची. म्हणजे पोरं सकाळभर घरी. धाकटी मुलं तर दिवसभर. आई तासभर लांब जाणार कशी? मशिनीच्या पैशांत पाळणाघर आणि एक व्हॅन लावली असती तर निम्म्या जणी आज कमावत असत्या. बायका मागं राहतात याला लोक लगेच 'त्यांच्या चालीरीती' म्हणतात. मी तरी आधी पाळणाघर कुठं आहे, शेवटची बस कधी सुटते ते विचारते.

भाषेचं आपल्याला, बेळगाव भागातल्या माणसांना, कुणी समजावून सांगायला नको. घरात मराठी, शाळा मराठी, बाजारात दोन्ही, आणि कचेरीत कानडी. माझ्या आईला कानडी फर्डं बोलता यायचं, भाजीवाल्याशी भांडण कानडीतच. पण शेताचा उतारा हातात आला की वाचायला शेजारच्या पोराला हाक. बोलता येणारं माणूस कागदापुढं मुकं होतं. निर्वासितांच्या भाषावर्गात नेमकी हीच चूक होते. 'माझं नाव अमुक, मला सफरचंद आवडतं' यात पहिले तीन महिने जातात, आणि त्याच काळात त्या बाईला घरभाड्याचा करार, दवाखान्यातला फॉर्म, शाळेची सूचना यावर सह्या कराव्या लागतात. म्हणून माझा आग्रह असायचा की पहिल्या आठवड्यात खरे कागद समोर ठेवून शिकवा. आणि मातृभाषा सोडायला लावू नका. आपण मराठी शाळेसाठी जो जीव टाकतो तोच जीव त्यांचाही असतो, हे सीमाभागातल्या माणसाला पटकन कळतं.

आता मुंडगोड. तुमची मुलं जिथं जाणार आहेत तिथलं नीट सांगते.

मार्च १९५९ मध्ये दलाई लामा तिबेटची राजधानी ल्हासाहून निघाले. त्यांच्या पाठोपाठ सुमारे ८० हजार लोक भारतात आले. पहिली काही वर्षं त्यांतल्या पुष्कळांनी हिमालयात रस्ते बांधायचं काम केलं. थंड मुलखातली माणसं, उष्ण हवा, गर्दीचे तंबू, क्षयरोग. खूप माणसं मेली. पंडित नेहरूंनी राज्यांकडं जमीन मागितली तेव्हा सगळ्यात मोठ्या मनानं पुढं आलं ते तेव्हाचं म्हैसूर राज्य. आधी म्हैसूरकडं बैलकुप्पे, आणि १९६६ पासून मुंडगोड. उत्तर कन्नड जिल्ह्यातलं जंगल तोडून शेतं केली. मका, भात. गावांना नावाऐवजी कॅम्पचे नंबर पडले, ते अजून तसेच आहेत. द्रेपुंग आणि गांदेन हे ल्हासाजवळचे मोठे मठ इथं पुन्हा उभे राहिले. शाळा त्यांच्या, दवाखाना त्यांचा, सहकारी सोसायटी त्यांची. हिवाळ्यात लुधियानाचे स्वेटर घेऊन ते देशभर विकायला जातात. तुमच्या-माझ्या घरात त्यांच्या ठेल्यावरचा एखादा स्वेटर असणारच.

एकत्र वसवल्यामुळं त्यांची भाषा, धर्म, सण टिकले. युरोपात अगदी उलट करतात. जर्मनी प्रत्येक राज्याचा कर आणि लोकसंख्या बघून माणसं वाटून टाकते, म्हणजे कुणा एकावर भार नको. दोन्हीत काही मिळतं आणि काही जातं. एकत्र ठेवलं तर माणूस एकटा पडत नाही, पण बाहेरच्या कामधंद्याशी ओळख उशिरा होते. पांगवलं तर भाषा लवकर येते आणि रात्री बोलायला कुणी नसतं. मला विचाराल तर पहिली दोन-तीन वर्षं नातेवाइकांजवळ राहू द्यावं, आणि मग कुठं जायचं ते त्यांचं त्यांना ठरवू द्यावं.

पण मुंडगोडमध्येही ताटकळणं आहे, ६० वर्षांचं. जमीन कसतात ती मालकीची नाही. हातात आरसी नावाचं परदेशी माणसाचं नोंदणीपत्र, ते ठरावीक मुदतीनं नवं करून घ्यायचं. आपल्या नागरिकत्वाच्या कायद्याप्रमाणं २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला माणूस जन्मानं भारतीय ठरतो. हे तिबेट्यांनाही लागू आहे असं दिल्ली उच्च न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलं, आणि २०१३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानंही. परिणाम काय झाला बघा. मी ज्या घरात लशी द्यायला जायची तिथली थोरली लेक १९८५ ची, ती नागरिक. धाकटा १९८९ चा, तो परका. एका आईची, एका चुलीवर जेवलेली दोन पोरं. पासपोर्टसाठी गेलं तर आरसी परत करा, वसाहतीतले हक्क सोडा अशा अटी समोर आल्या. २०१४ च्या पुनर्वसन धोरणानं भाडेपट्टा, सरकारी योजना यांत थोडी सोय केली. तरी शिकलेली पोरं बंगळूरला किंवा परदेशात जातात आणि कॅम्पात म्हातारी माणसं उरतात. जमीन, शाळा, मठ सगळं दिलं, आणि 'तू इथला' एवढंच सांगायचं राहून गेलं.

याचं एक कारण आपल्या देशाच्या पद्धतीत आहे. १९५१ च्या निर्वासित करारावर भारताची सही नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळं तिबेट्यांना जमीन, श्रीलंकेच्या तमिळांना तामिळनाडूत छावण्या, इतरांना आणखी वेगळं, असं त्या-त्या वेळच्या सरकारच्या मर्जीनं होत गेलं. माणुसकी आपण पुष्कळ दाखवली आहे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसं आली तेव्हा माझ्या वडिलांच्या पाकिटांवर ५ पैशांचं निर्वासित मदतीचं जादा तिकीट लागायचं. मी १२ वर्षांची होते, ती तिकिटं वहीत चिकटवायची. पण माणुसकी कायद्यात उतरवली नाही तर ती पुढच्या माणसाच्या वाट्याला येईलच याची खात्री नसते.

कागदानं काय घडतं ते बघायला लांब जायलाच नको. लग्नाचा बस्ता बांधायला आपल्याकडची माणसं कोल्हापूरच्या गांधीनगरला जातात. तिथं शेजारी वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५ हजार पोलिश माणसं राहत होती. बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीनं त्यांना घरातून उचलून सैबेरियाकडं नेलं होतं, तिथून सुटून इराणमार्गे ती इथं पोचली. सुरुवातीला खर्च युद्धामुळं लंडनला आश्रयाला गेलेल्या पोलिश सरकारचा. त्यांची शाळा, चर्च, नाटकं, दवाखाना. ही माणसं परत जायच्या तयारीनं राहिली आणि तसं राहू देणं तेव्हा बरोबरच होतं. ती गेल्यावर त्याच जागेत फाळणीतून आलेले सिंधी लोक वसले. त्यांचंही घरदार गेलेलं, हातही रिकामेच. पण त्यांना या देशानं आपले नागरिक मानलं. दुकान घालायला, माल उधारीवर उचलायला, मत द्यायला कुणाची परवानगी लागली नाही. आज त्या पेठेत घाऊक कापड घ्यायला दोन राज्यांतली गिऱ्हाइकं येतात. एकाच जमिनीवर दोन प्रकारचे निर्वासित राहून गेले. मुलांना मुंडगोडबरोबर हेही दाखवता आलं तर फार बरं.

आता गावातल्या गरिबावरच्या अन्यायाचा प्रश्न. तो टाळू नये, आणि विचारणाऱ्याला वाईटही ठरवू नये. मुंडगोडजवळच्या एका गवळीवाड्यावर, म्हणजे आपल्या मराठी बोलणाऱ्या धनगर-गवळ्यांच्या, एक म्हातारी मला म्हणाली होती, "बाय, त्येनी आले, त्येंचं चांगलं झालं, ल्हासा झाला. आमची गुरं चरायची ती जागा कुठं गेली ते कुणी इचारलंच न्हाई." तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण तिला कुणी विचारलं नव्हतं, हे खरंच होतं.

हे विचारायचं कसं ते मी युगांडात शिकले. तो देश गरीब आहे, आणि तरीही २००६ च्या कायद्यानं निर्वासिताला काम करायचा आणि देशभर फिरायचा हक्क देतो. बिडीबिडी वस्तीत २०१६ च्या ऑगस्टपासून काही महिन्यांत दोन लाख ७० हजार माणसं आली. कुटुंबाला घर आणि परसबागेसाठी ३० मीटर बाय ३० मीटरचा तुकडा, आपल्या हिशोबानं नऊ गुंठ्यांच्या आसपास. जमीन तिथल्या जमातींच्या वडीलधाऱ्यांनी स्वतः दिलेली. आणि नियम असा की मदतीतला ३० टक्के वाटा स्थानिक गावांना मिळाला पाहिजे. त्यामुळं बोअरवेल, शाळा, दवाखाना दोघांचा. दवाखान्याच्या बाकावर यजमान बाई आणि निर्वासित बाई शेजारी बसलेल्या मी बघितल्या आहेत. तरी तिथंही सरपणावरून भांडणं व्हायची, कारण झाडं संपत चालली होती. २०२३ मध्ये धान्याचं रेशन कापलं गेलं तेव्हा पोटापुरतं पिकत नाही हेही उघडं पडलं. नऊ गुंठे मुरमाड जमिनीवर कुणाचं घर चालतं? हक्क दिले पण जगातल्या श्रीमंत देशांनी पैसे आखडले, की यजमान देशाच्या चांगुलपणावर किती ताण पडतो ते तिथं दिसतं. मी वर म्हटलं की पैशाचा भाग लहान आहे, पण इतकाही लहान नाही.

मदत द्यायची कशी, याबद्दल थोडंच. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा चढल्या तेव्हा गोकाककडच्या एका काळजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या निवाऱ्यात, मी महिनाभर होते. लोकांनी मायेनं पाठवलेल्या जुन्या साड्यांचा ढीग छताला लागला होता, आणि बायका विचारत होत्या की वाहून गेलेलं रेशनकार्ड परत कसं मिळेल, ऊस बुडाला त्या कर्जाचं काय. युद्धातून आलेल्यांचंही तसंच. पहिल्या दोन आठवड्यांनंतर वस्तूंपेक्षा रोख रक्कम आणि कागद करून देणारं माणूस जास्त उपयोगी. कॅनडात हे पद्धतशीर होतं. २०२४ पर्यंत तिथं पाच शेजारी एकत्र येऊन एका कुटुंबाची वर्षभराची जबाबदारी लेखी घ्यायचे: घर, शाळा, दवाखान्याला सोबत जाणं. १९७९-८० मध्ये व्हिएतनाम, लाओस, कंबोडियातून सुमारे ६० हजार माणसं तिथं गेली, त्यांतली निम्म्याहून जास्त अशा खासगी गटांच्या आधारानं.

आता सहलीचं. डिसेंबरात जाऊ नका. तेव्हा कितीतरी घरांना कुलूप असतं, माणसं स्वेटर विकायला गेलेली असतात. त्यांचं नवं वर्ष, लोसार, फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं. त्याच्या सुमाराला गेलात तर घरं भरलेली असतील. हुबळीहून जा. भारतीयांना परवाना लागत नाही. वसाहतीच्या कचेरीत आठवडाभर आधी फोन करून ठेवा, म्हणजे कुणीतरी वडीलधारं माणूस मुलांशी बोलायला मिळेल. ते हिंदी बोलतात, बरेचसे कानडीही. तुमच्या मुलांचं कानडी तिथं उपयोगी पडेल. दोन-चार मुलांना जवळच्या गवळीवाड्यावरही न्या, तिथं मराठी चालेल. आणि आरसी दाखवा म्हणून कुणाला म्हणू नका. ती दाखवण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. शेतात यंदा काय लावलं, ते विचारायला सांगा.